जोड लावून पाहा

बिजल्याला वाघानं मारलं तेव्हा मी त्याच शेतात होते. वाघ बैल मारतो तेव्हा फार आवाज होत नाही. बिजल्या नाल्याच्या कडेला चरत होता. तो एकदाच हंबरला, मग घशातून घरघर निघाली आणि मान नको तिकडे वळली. त्याचा जोडीदार पाखऱ्या पळाला नाही. शिंगं खाली घालून तो सरळ वाघाच्या अंगावर गेला. वाघानं पंजा मारून त्याच्या मागच्या पुठ्ठ्याचं कातडं सोललं, तरी तो हटेना. मी विळा घेऊन ओरडत धावले. माझा आवाज मोठा आहे. सासरी आल्यापासून मी त्यावरून बोलणी खाल्ली आहेत. त्या दिवशी तो कामाला आला. वाघ झुडपात गेला. बिजल्या तिथंच थंड झाला, आणि पाखऱ्या रक्तानं भरलेल्या अंगानं त्याच्यापाशी उभा राहिला. संध्याकाळपर्यंत त्यानं आम्हालाही जवळ येऊ दिलं नाही.

आम्ही आरमोरीकडचे. धान पिकवतो, आणि धान निघाला की माझा नवरा दिनेश माणसांत राहत नाही, तो शंकरपटात असतो. मोकळ्या शेतात हलक्या छकडीला बैलजोडी जुंपायची आणि जीव तोडून पळवायची, हा आमच्या भागाचा शौक. छकडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. दिनेश चांगला धुरकरी आहे. गावात कोणालाही विचारा, माझ्या तोंडून उगाच स्तुती निघत नाही.

पाखऱ्याला आम्ही दोघांनी मिळून तयार केला. दिनेश छकडीवर बसायचा आणि मी शेताच्या दुसऱ्या टोकाला गूळ घेऊन उभी राहायचे. 'येऽऽ पाखऱ्याऽऽ' अशी हाक दिली की तो निघायचा. मग मध्ये खड्डा आहे की दगड, हे तो पाहायचा नाही. पटातही मी शेवटच्या खुणेपाशी उभी राहून हीच हाक द्यायचे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हसू देत, बक्षीस घरी कोण न्यायचं ते त्यांनाही ठाऊक होतं.

बिजल्या गेल्यावर पाखऱ्या खाईना. गव्हाणीतला अर्धा चारा तो बाजूला ठेवायचा, जिथं बिजल्या तोंड घालायचा तिथं. एकट्या बैलाचा ना पट होतो ना नांगर. लोक म्हणू लागले, विकून टाक, अंगावर मांस आहे तोवर कोणीतरी नेईल. कोणीतरी म्हणजे कोण, हे सगळ्यांनाच कळत होतं.

"तो माझ्या बिजल्यासाठी वाघाच्या अंगावर गेला," दिनेश म्हणाला, "अन् मी त्याले कापणाऱ्याच्या गाडीत चढवू? त्याच्याआधी मले चढवा."

मी भांडले नाही. पहिल्यांदाच आमचं दोघांचं एक मत होतं. पाखऱ्याला जोडीदार शोधायचा आणि पाखऱ्याला वाचवायचं, याहून दुसरं काही घरात बोललंच जात नव्हतं.

फोनवर पटाच्या शौकिनांचा एक ग्रुप आहे. सगळ्या विदर्भातले लोक तिथं बैलांचे फोटो टाकतात, एकमेकांना भाऊ म्हणतात. दिनेशनं पाखऱ्याचा फोटो टाकला. पांढरा बैल, डाव्या खांद्यावर लालसर डाग. खाली लिहिलं, 'जोड पाहिजे.' बस, मग काय, गुळाला मुंगळे लागले.

पहिल्याच माणसानं फार देखणा बैल दाखवला आणि लगेच इसार मागितला, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम. दिनेशचा अंगठा बटणावरच होता. मी फोन हिसकावला. "त्या बैलाच्या शिंगावर कडुलिंबाची डहाळी अडकवा अन् आत्ता फोटो पाठवा," म्हटलं. बराच वेळ गेला, मग त्यानं आम्हाला ब्लॉक केलं. चोरलेला फोटो होता, दुसरं काय! त्या दिवसापासून मी स्वतःला फार शहाणी समजू लागले.

मग गुणवंतराव आले. भद्रावतीकडचे, असं त्यांच्या पानावर लिहिलेलं. पांढरा फेटा बांधलेला म्हातारा, दोन बैलांच्या मधे उभा. पटांचे, पोळ्याचे, बक्षिसात मिळालेल्या ढालींचे फोटो. बैल तर असा की मी पाखऱ्याकडे जाऊन पुन्हा पाहून आले. तीच उंची, तीच शिंगं, आणि उजव्या खांद्यावर तसाच लालसर डाग. मी डहाळी मागितली. लगेच डहाळीचा फोटो आला, वर दातांचा व्हिडिओही आला.

फोनवर आवाज शांत, वयस्कर. "बाई, पैशाची गोठ काढू नका. इसार-बिसार काई नको. तुमचा बैल घेऊन या. जोड लावून पाहा. जमली तर बसून बोलू, नाई जमली तर चहा पिऊन जा."

या बोलण्यावर आम्ही विरघळलो. पटाचा बैल फोटोवर घेत नाहीत. दोन बैल सारखे दिसले तरी एक पुढं ओढतो, एक मागं राहतो. म्हणून आपला बैल न्यायचा, जुंपायचा, पळवायचा आणि मगच तोंड उघडायचं, ही आमच्या बापजाद्यांची रीत. फसवणारा पैसे आधी मागतो, आणि हा तर रीतीनं चाला म्हणत होता.

"असली शौकीन माणूस आहे," दिनेश म्हणाला. मीही मान हलवली. याचा राग मला अजून येतो.

बैल गोंडपिपरीच्या पुढच्या शेतावर मुलाकडे आहे, असं त्यांनी कळवलं. आमच्या गावच्या खुशालभाऊंच्या पिकअपमध्ये पाखऱ्याला चढवलं, मागं छकडी बांधली आणि सकाळीच निघालो. गोंडपिपरी सोडल्यावर डांबरी रस्ता सुटला, दोन्ही बाजूंनी साग दाटला. एका नाल्यापाशी फोन आला की गाडी पुढं येणार नाही, बैल चालवत आणा. खुशालभाऊ गाडीपाशी थांबले. दिनेशनं पाखऱ्याला छकडीला लावलं, जुवाची रिकामी बाजू स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि नाला ओलांडला. मी मागून दिनेशची तुतारी घेऊन चालत होते. आमच्याकडे तुतारी म्हणजे बैलाला टोचायची काठी, टोकाला लोखंडी आर असलेली.

सोयाबीन काढलेलं लांबलचक शेत होतं. त्याच्या मधोमध धुरा, म्हणजे कमरेएवढा बांध, आणि त्यात एका ठिकाणी छकडी जाईल एवढी खिंड. पलीकडच्या टोकाला पळसाची गर्दी. दोन माणसं उभी होती. एक तिशीचा, हसऱ्या तोंडाचा, त्यानं आपलं नाव निकेश सांगितलं. दुसरा जाडा, हातात काठी, तो बोललाच नाही.

"बाबा येऊन राह्यले," निकेश म्हणाला. "तोवर तुमी बैल पाहून घ्या."

दिनेशनं पाहिला. दात, खूर, वशिंड, शेपटीचं मूळ, सगळं चाचपलं. त्यानं नख लावून खांद्यावरचा डागही खरवडला, रंग दिलाय का म्हणून. काहीच खोटं नव्हतं. जुंपायला दोघांना जवळ आणलं तेव्हा पाखऱ्यानं मान वळवून त्या बैलाला हुंगलं. बिजल्या गेल्यापासून त्यानं कोणत्याही बैलाला जवळ येऊ दिलं नव्हतं. या बैलानं त्याच्या पुठ्ठ्यावरचा वाघाचा व्रण चाटला.

दिनेशनं जोडी सोडली. काय पळाले ते! खिंडीतून पलीकडे, वळून पुन्हा अलीकडे, आठही खूर एकाच बैलाचे असावेत असे. दिनेश उतरला तेव्हा त्याचे गाल ओले होते. "रीता, हाच वो, हाच," एवढंच म्हणत राहिला.

"आता एक धाव माझी," निकेश म्हणाला. तीही रीतच. विकणाराही एकदा हाकून दाखवतो. निकेश छकडीवर चढला आणि पक्क्या धुरकऱ्यासारखा कासरा मनगटाला गुंडाळून बसला. जोडी खिंडीतून गेली, शेताच्या टोकाला पोचली, आणि वळलीच नाही. पळसात शिरली. तिथं पानांच्या आड मला मोठ्या गाडीचं निळं धूड दिसलं. मागची फळी खाली सोडलेली होती.

"दिनेश, आपला बैल नेला!"

दिनेश धावला. जाड्यानं मागून त्याच्या पायांवर काठी घातली. तो तोंडावर पडला. उठायला त्यानं हात टेकला, आणि जाड्यानं त्याच हातावर दोन्ही हातांनी काठी आणली. हाड मोडलेलं मी ऐकलं. कोपराच्या खाली हात भलतीकडेच वळला. दिनेश ओरडला नाही, उठू पाहत होता, म्हणून जाड्यानं त्याच्या बरगडीत लाथ घातली, मग तोंडावर. सोयाबीनच्या खुंटांवर रक्त सांडलं.

मी काय केलं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी जाड्याच्या पाठीवर होते. माझ्या दातांत त्याचा कान होता, तोंडात खारट चव होती. त्यानं मला उचलून आपटलं, डोळ्यांपुढं अंधार आला. तो वळला आणि काठी माझ्यावर उगारली. माझ्या हाताला तुतारी लागली. मी ती खालूनच त्याच्या मांडीत घातली, पूर्ण जोर लावून. आर आत गेली आणि रुतून बसली. जाड्या पोरासारखा किंचाळला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

पण पळसात फळीवर खूर वाजत होते. चढवताहेत. दिनेशला एका हातानं उठता येत नव्हतं, आणि मला तिथवर धावता येण्याआधी गाडी गेली असती. माझ्याकडे माझा आवाज होता. मी उभी राहिले आणि पोटातून हाक दिली.

"येऽऽ पाखऱ्याऽऽ!"

पळस हलला. कोणीतरी शिवी दिली, फळी धाडकन वाजली. मग पाखऱ्या बाहेर आला, त्या बैलाला आणि छकडीला ओढत, जू अजून मानेवर. निकेशच्या मनगटाला कासरा गुंडाळलेला होता. तो छकडीवर नव्हता, छकडीमागं फरपटत होता. त्याला मनगट सोडवता येत नव्हतं. दगडांवरून, खुंटांवरून तो आपटत आला, आणि चाक त्याच्या पायावरून गेलं तेव्हा त्याचं ओरडणं बंद झालं.

जोडी खिंडीच्या वाटेवर नव्हती. ती सरळ माझ्याकडे येत होती आणि मध्ये धुरा होता. मी हात उंचावले. "हो, हो, थांब रे!" पण ते पाखऱ्याला कोणी शिकवलंच नव्हतं. त्याला एवढंच शिकवलं होतं की हाकेच्या टोकाला मी असते आणि मधलं काही पाहायचं नाही. तो धुऱ्यावर आदळला, चढला, छकडी हवेत उलटली, जू पिळवटलं आणि तो मानेवर खाली आला. पुढचा पाय त्याच्याच अंगाखाली मोडला. दुसरा बैल जू तुटून बाजूला फेकला गेला. तो उठला आणि थरथरत उभा राहिला.

मोठी गाडी पळाली. जाड्या मांडीत रुतलेल्या तुतारीसकट जंगलात लंगडत गेला. आवाज ऐकून खुशालभाऊ धावत आले तेव्हा मी पाखऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. पायाचं हाड कातड्यातून बाहेर आलं होतं. तो माझ्या ओंजळीत तोंड घालत होता. गूळ शोधत होता.

पोलीस आले, निकेशला बेशुद्धच चंद्रपूरला नेलं. तो शुद्धीवर येईपर्यंत काही कळणार नाही, गुणवंतराव नावाच्या माणसाचा शोध सुरू आहे, एवढंच आम्हाला सांगितलं. ठाण्यात बैल बांधायला जागा नव्हती, म्हणून तो दुसरा बैल लिहून घेऊन आमच्याच ताब्यात दिला. ढोरांच्या डॉक्टरनं पाखऱ्याचा पाय पाहिला आणि मान हलवली. तरी आम्ही त्याला घरी आणला. गोठ्यात तो आडवा पडून राहिला, पाय सुजला, काळा पडला, वास येऊ लागला. तो दुसरा बैल त्याच्याजवळच बसायचा, त्याच्या तोंडावरच्या माश्या स्वतःच्या जिभेनं उडवायचा. एका पहाटे पाखऱ्यानं पाय झाडले आणि संपला. वाघानं सोडलेला बैल माझ्या हाकेनं मेला.

आम्ही त्याला मागच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात पुरला. त्या दिवशी मी दिनेशच्या देखत शपथ घेतली की तो गुणवंतराव जन्मात कधी समोर आला तर त्याचं डोकं फोडीन.

आणि तो आला.

दिनेशच्या हाताचं ऑपरेशन गडचिरोलीला होतं, सोबत खुशालभाऊ गेलेले. मी अंगणात एकटी जळण फोडत होते. फाटकाशी पांढरा फेटा दिसला. तोच, फोटोतला.

"बाई, मी गुणवंतराव," तो म्हणाला. "माहा बैल तुमच्याकडे—"

पुढचं मी ऐकलंच नाही. हातात कुऱ्हाड होती. देवानं बुद्धी दिली म्हणून ती टाकली आणि सरपणाचं लाकूड उचललं. पहिला घाव फेट्यावर बसला. दुसरा कपाळावर. म्हातारा हात वर न करता खाली बसला. त्याच्या भुवईवरून रक्त सरसर वाहू लागलं, पांढरा सदरा लाल झाला. मी तिसऱ्यांदा लाकूड उचललं.

"काऊन मारता बाई?" त्यानं विचारलं. आवाज वेगळाच होता. फोनवरचा शांत आवाज हा नव्हता. पातळ, कापरा होता.

तेवढ्यात गोठ्यात खुंटा उपटल्याचा आवाज झाला. तो बैल दावं फरपटत अंगणात आला, मला खांद्यानं बाजूला लोटलं आणि म्हाताऱ्याच्या अंगावर येऊन उभा राहिला. शिंगं माझ्याकडे केलेली. म्हाताऱ्यानं रक्ताळलेला हात वर करून त्याच्या गळ्याखाली लोंबणारी पोळी चाचपली.

"मोरा," तो म्हणाला. "माह्या मोरा रे. कुठी गेलता बापा?"

माझ्या हातातलं लाकूड गळून पडलं. बैलाला खोटं नाव देता येतं, पण बैलाला खोटं बोलायला शिकवता येत नाही. मी म्हाताऱ्याला उठवलं, जखमेत हळद भरली, माझ्या लुगड्याची पट्टी फाडून कपाळाला गुंडाळली. गाठ त्यानं स्वतःच मारली.

मग त्यानं सांगितलं. त्याचा मोरा गोठ्यातून चोरीला गेला होता. चोरांनी त्याचेच फोटो उचलून, त्याच्याच नावानं दुसरं पान उघडलं. त्याला फोनमधलं फार कळत नाही. पोलीस त्याला शोधत घरी पोचले, तेव्हाच मोरा आमच्याकडे असल्याचं त्याला कळलं. गावात आणि आसपास त्यानं दवंडी दिल्यासारखं सगळ्यांना सांगितलं होतं.

"माह्या गावात कोण्या पोराले जरी विचारलं असतं," तो म्हणाला, "तरी सांगतलं असतं, का गुणवंतरावचा बैल चोरीले गेला म्हणून. तुमी विचारलंच नाई काय?"

नाही विचारलं. पोरगी द्यायची असती तर चार गावांत चौकशी केली असती, पाहुण्यांच्या पाहुण्यांना गाठलं असतं. इथं बैलाच्या शिंगावर डहाळी अडकवायला लावली, दात पाहिले, डाग खरवडला, आणि ज्याला पाखऱ्या दाखवायला नेला त्या माणसाच्या गावी एक फोन केला नाही. सगळी परीक्षा बैलाची घेतली. बैल तर खराच होता.

"तुमचा कुठी आहे?" त्यानं विचारलं.

मी मागच्या बांधीकडे बोट दाखवलं. म्हातारा तिथं गेला. ओल्या मातीच्या ढिगाऱ्यापुढं त्यानं रक्तानं माखलेला फेटा काढून काखेत धरला आणि उघड्या डोक्यानं बराच वेळ उभा राहिला. मी त्याच्या पाया पडले. "मले माफ करा, बाबा." तो म्हणाला, "मले तो चोर सापडला असता, तर मी कुऱ्हाड टाकली नसती."

चहा त्यानं घेतला नाही, पाणी घेतलं. पोलिसांचा कागद दाखवला, मोराच्या गळ्यात नवं दावं घातलं आणि गाडी उभी होती त्या रस्त्याकडे निघाला. मोरा त्याच्या मागं चालला, आपल्या माणसासोबत चालतात तसा. चिंचेपर्यंत गेला आणि थांबला. त्यानं मान वळवली. आधी मागच्या बांधीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कान उभे केले.

गुणवंतरावांनी दावं ओढलं. तो हलेना.

तेव्हा मला कळलं. पाखऱ्याच्या शेवटच्या धावेत हाही त्याच जुवाखाली होता. त्यानंही ती हाक ऐकली होती. मी नुसतं 'ये' म्हटलं असतं, तर दावं तोडून, म्हाताऱ्याला लोळवून तो माझ्या अंगणात आला असता. तो वाटच पाहत होता. हाक माझ्या घशाशी आली होती, आतून धडका मारत होती.

मी पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. दातांनी घट्ट धरला. डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं, पण आवाज बाहेर जाऊ दिला नाही. मोरा बराच वेळ उभा होता. मग त्यानं कान पाडले आणि आपल्या मालकामागं निघून गेला.